ॲपची चाचणी चौदा दिवसांत संपत नाही

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकाच्या शहर पुरवणीत नागपुरातील तरुण ॲपनिर्मात्यांविषयी नुकतेच एक वृत्त प्रसिद्ध झाले. वृत्त कौतुकाचे होते आणि त्याबद्दल तक्रार असण्याचे कारण नाही. मात्र ‘चाचणी पूर्ण करून ॲप बाजारात आणले’ असे जे एक वाक्य त्यात सहज येऊन गेले, त्याविषयी थोडे लिहावेसे वाटते. समाजमाध्यमांवरच्या पोस्ट आधी लिहून ठेवणे, ठरल्या वेळी त्या तीन-चार ठिकाणी एकदम टाकणे आणि आलेल्या प्रतिक्रिया एकाच पडद्यावर पाहणे, अशी सोय देणारे एक लहानसे ॲप मी आणि माझी एक सहकारी प्रतापनगरातील घराच्या वरच्या खोलीत बसून तयार करीत आहोत. गेले वर्षभर त्याची बीटा चाचणी, म्हणजे विक्रीपूर्वी खऱ्या वापरकर्त्यांच्या हाती देऊन घेतलेली परीक्षा, सुरू आहे आणि ती पूर्ण झाली असे म्हणण्याचे धाडस आम्हाला अजून झालेले नाही.

वाचकांच्या माहितीसाठी सांगते की, १३ नोव्हेंबर २०२३ नंतर गूगल प्लेवर वैयक्तिक खाते उघडणाऱ्या निर्मात्याला ॲप सर्वांसाठी खुले करण्यापूर्वी सलग १४ दिवस बंदिस्त चाचणी, म्हणजे मोजक्या निवडलेल्या लोकांपुरती चाचणी, घ्यावी लागते. त्यासाठी प्रारंभी किमान २० जण लागत. डिसेंबर २०२४ मध्ये ही संख्या १२ वर आणली गेली. हेतू चांगलाच आहे, कारण रविवारी लिहिले आणि सोमवारी बाजारात लोटले अशा ॲपना त्यामुळे थोडा आळा बसतो. परंतु नियम आला की त्याच्या पाठोपाठ त्याचा बाजारही येतो, तसा तो आला. ठराविक रक्कम घेऊन बारा टेस्टर चौदा दिवस पुरवण्याच्या जाहिराती आमच्यापर्यंतही पोहोचल्या. ज्यांना पैसे द्यायचे नसतात ते ‘तुम्ही माझे ॲप ठेवा, मी तुमचे ठेवतो’ असा व्यवहार करतात. आपल्याकडे शेतकरी एकमेकांच्या शेतात सावडीने राबतात. इथे सावड ठरते, पण शेतात कोणीच उतरत नाही. ॲप फोनमध्ये चौदा दिवस पडून राहते आणि पंधराव्या दिवशी काढून टाकले जाते.

दुसऱ्यांकडे बोट दाखवण्यापूर्वी स्वतःचेही सांगितले पाहिजे. आमचे पहिले बारा टेस्टर म्हणजे घरचे नातेवाईक आणि महाविद्यालयातले मित्रमैत्रिणी होते. त्यांनी प्रेमाने ॲप घेतले, उघडून पाहिले, आणि चौदा दिवसांत एकही दोष आढळला नाही, कारण चौदा दिवसांत कोणी धड पोस्टच टाकली नाही. कागदोपत्री आमचीही चाचणी तेव्हाच ‘पूर्ण’ झाली होती. त्यानंतर आम्ही ज्यांना या सोयीची खरोखर गरज आहे अशा लोकांकडे गेलो. त्यांत इतवारीतील एक खेळण्यांचे दुकानदार, गांधीबागेतील एक कापड व्यापारी, दीक्षाभूमीच्या सोहळ्यात पुस्तकांचा स्टॉल लावणारे एक विक्रेते, एका बचत गटाच्या सचिव आणि महाल भागात राहणारे, मुद्रितशोधनातून निवृत्त झालेले एक काका होते. आमचे खरे शिक्षण तेथून सुरू झाले.

पहिल्याच भेटीत कापड व्यापाऱ्यांनी समाजमाध्यमावरील आपल्या पानाचा पासवर्ड पावतीच्या मागे लिहून आमच्या हातात ठेवला. पूर्वी ज्या मुलाकडे त्यांनी हे काम दिले होते, त्यालाही तो असाच दिला होता आणि तो मुलगा काम सोडून गेल्यावरही पासवर्ड तोच होता. आम्ही ती पावती परत केली आणि बाहेरच्या ॲपला पासवर्ड मुळीच द्यायचा नसतो, हे त्यांना समजावून सांगितले. मूळ माध्यमाच्या स्वतःच्या पानावर लॉगिन करून ‘या ॲपला माझ्या वतीने पोस्ट टाकू द्या’ अशी संमती द्यायची असते. मग ते माध्यम आमच्या ॲपला टोकन देते, आणि ते एखाद्या अधिकारपत्रासारखे मर्यादित कामापुरते असते व हवे तेव्हा रद्द करता येते. ट्विटरने बाहेरच्या ॲपना थेट पासवर्डने प्रवेश देणे ऑगस्ट २०१० मध्येच बंद केले होते. इतक्या वर्षांनंतरही आपल्या बाजारपेठेत पासवर्ड पावतीवर फिरतो आहे, यात व्यापाऱ्यांपेक्षा आम्हा ॲपवाल्यांचा दोष अधिक आहे, कारण आम्ही संमतीचा पडदा इंग्रजीत ठेवतो आणि वाचणारा तो न वाचता पुढे जातो. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा, अशी तरतूद आहे, आणि मराठी त्या अनुसूचीत आहे. आमचा तो पडदा आता मराठीत आहे. तो मराठीत लिहिताना, आम्ही लोकांकडून किती परवानग्या विनाकारण मागत होतो, हे आमचे आम्हालाच कळले आणि त्यांतल्या दोन काढून टाकल्या.

दुसरी अडचण आपल्या सौजन्याची. कोणालाही विचारले तरी ‘बढिया आहे’ एवढेच उत्तर मिळायचे. नागपूरकर घरी आलेल्या माणसाला त्याच्या तोंडावर वाईट म्हणणार नाही, हे सामाजिकदृष्ट्या कितीही गोड असले तरी चाचणीच्या दृष्टीने निरुपयोगी आहे. मग आम्ही विचारणे सोडले आणि गल्ल्याशेजारी स्टूल टाकून नुसते बसू लागलो. खेळण्यांचे दुकानदार एका हाताने गिऱ्हाइकाला सुटे पैसे देत दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने पोस्ट लिहीत होते आणि आमचे ‘जतन करा’ हे बटण पडद्याच्या नेमक्या वरच्या कोपऱ्यात, अंगठा पोहोचणार नाही अशा जागी होते. हे त्यांनी कधीच सांगितले नसते, कारण त्यांच्या दृष्टीने तो त्यांच्या अंगठ्याचा दोष होता.

याच दुकानात आमची सर्वांत मोठी फजिती झाली. तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे मुले लाकडी बैल सजवून मिरवतात त्या सणाच्या, दिवशी सकाळी नऊ वाजता लाकडी बैलांची पोस्ट जावी, असे त्यांनी आदल्या रात्री ठरवून ठेवले होते. ती गेली दुपारी अडीच वाजता. आमचा सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेने चालतो आणि भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. एका अद्ययावत आवृत्तीत आम्ही नऊ ही वेळ भारतीय आहे हे नोंदवायलाच विसरलो. मारबतीची मिरवणूक पाहून लोक घरी परतलेले, पोरांचे बैल सजलेले, अशा वेळी बैल विकत घ्या म्हणणारी पोस्ट पाहून त्यांच्या मेव्हण्याने त्यांना फोन करून खूप हसून घेतले. दुकानदार मात्र आमच्यावर रागावले नाहीत, आणि त्याचेच आम्हाला जास्त वाईट वाटले.

यापेक्षा खोलवरचे दोष निघाले ते आपल्या लिपीतून. ‘विद्यार्थी’ हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो, परंतु युनिकोडच्या, म्हणजे संगणकाच्या अक्षरसंकेताच्या, हिशेबात व्यंजने, काना, वेलांटी आणि हलन्त असे सुटे धरून तो दहा चिन्हांचा भरतो. एक्सवर, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवर, साधी मर्यादा २८० चिन्हांची आहे आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तेथे एक म्हणून मोजले जाते. आमचे ॲप डोळ्यांना दिसणारी अक्षरे मोजून ‘मजकूर बसतो’ असे सांगायचे आणि माध्यम तोच मजकूर परत पाठवायचे. हॅशटॅगची तऱ्हा आणखी निराळी होती. आम्ही वापरलेली शब्द ओळखण्याची पद्धत काना-मात्रांना अक्षरच मानत नव्हती, त्यामुळे हॅशटॅग म्हणून लिहिलेल्या ‘नागपूर’मधला फक्त ‘न’ निळा होई आणि उरलेले शहर काळेच राही.

मात्र महालातील काकांनी पकडलेला दोष आमच्या बापजन्मी सापडला नसता. त्यांनी एका ग्रंथालयाच्या कार्यक्रमाची पोस्ट आमच्या ॲपमधून टाकली आणि दुसऱ्या दिवशी फोन करून विचारले, “मी ‘दुसऱ्या’ लिहिले होते, त्याचे ‘दुसर्या’ कोणी केले?” कारण शोधायला आम्हाला दोन दिवस लागले. मराठीतला हा अर्धा ‘ऱ’ संगणकावर दोन प्रकारे लिहिता येतो. त्यांतल्या एका प्रकारात ‘र’ आणि हलन्त यांच्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह असते. इतर ठिकाणांहून चिकटवलेल्या मजकुरातला अदृश्य कचरा काढून टाकण्यासाठी आम्ही जी चाळणी लावली होती, तिने हे जोडचिन्हही कचरा समजून काढले. काका शांतपणे म्हणाले की, दऱ्या आणि दर्या यांत दरी आणि समुद्र इतका फरक आहे. परदेशातील किंवा मराठी न लिहिणाऱ्या बारा हजार टेस्टरांनाही हे दिसले नसते. ॲपलच्या टेस्टफ्लाइट या चाचणीच्या सोयीवर दहा हजार बाहेरचे टेस्टर घेता येतात. आमच्या कामाला त्यांतला असा एक पुरे होता.

नेटवर्कची परीक्षा दीक्षाभूमीवर झाली. अशोक विजयादशमीला तेथे लाखो लोक येतात आणि मोबाइलचे जाळे अक्षरशः गुदमरते. पुस्तकविक्रेत्यांची पोस्ट माध्यमापर्यंत पोहोचली, पण पोहोचल्याचा निरोप परत आला नाही. आमच्या ॲपने ती गेली नाही असे समजून पुन्हा पाठवली, आणि मग आणखी एकदा. एकाच पुस्तकाची सवलत लागोपाठ तीनदा जाहीर झाली. आता प्रत्येक पोस्टला आम्ही स्वतंत्र क्रमांक देतो आणि पुन्हा पाठवण्यापूर्वी ती आधीच गेली आहे का, हे विचारून घेतो. घरच्या वायफायवर हा दोष शंभर वर्षे दडून राहिला असता.

आता शीर्षकातल्या मुद्द्याकडे येते. काही माध्यमे बाहेरच्या ॲपला जे टोकन देतात, त्याची मुदत साठ दिवसांची असते आणि त्याआधी त्याचे नूतनीकरण करावे लागते. आमच्या ॲपमधील नूतनीकरणाची पायरी मोडलेली होती. त्यामुळे कापड व्यापाऱ्यांच्या पोस्ट साठ दिवस नीट गेल्या आणि एकसष्टाव्या दिवशी, कोणताही इशारा न देता, थांबल्या. ॲपच्या पडद्यावर हिरवी खूण मात्र येतच होती. ते दिवस दिवाळीआधीच्या खरेदीचे होते, आणि पाच दिवस आपली एकही पोस्ट गेलेली नाही हे त्यांना एका गिऱ्हाइकाकडून कळले. जो दोष साठ दिवसांनीच जन्माला येतो, तो चौदा दिवसांच्या चाचणीत कसा दिसावा? नियमाने घालून दिलेली मुदत ही किमान आहे, हे निर्मात्यानेच ओळखायला हवे. आम्ही आता कोणतीही मोठी आवृत्ती दोन टोकनांचे आयुष्य, म्हणजे एकशेवीस दिवस, त्याच लोकांच्या हाती ठेवल्याशिवाय पुढे नेत नाही. टेस्टफ्लाइटवरील प्रत्येक आवृत्ती नव्वद दिवसांनी बंद पडते, म्हणून मध्ये एकदा नवी द्यावी लागते, एवढाच त्रास.

हे सगळे करूनही आमचे दुकान माध्यमांच्या भाड्याच्या जागेतच आहे, याची जाणीव ठेवावी लागते. ‘ट्वीट’ हा शब्द आणि पक्ष्याचे चिन्ह ट्विटरआधी ट्विटरिफिक या बाहेरच्या ॲपने वापरले. पडदा खाली ओढून ताजा मजकूर मागवण्याची युक्तीही ट्वीटी या बाहेरच्याच ॲपमधून आली. जानेवारी २०२३ मध्ये ट्विटरिफिक आणि ट्वीटबॉट ही दोन्ही ॲप पूर्वसूचनेविना बंद पडली आणि काही दिवसांनी ट्विटरने नियमच बदलल्याचे जाहीर केले. फेसबुकने व्यक्तिगत खात्यावर बाहेरच्या ॲपमधून पोस्ट टाकणे ऑगस्ट २०१८ मध्ये बंद केले आणि एप्रिल २०२४ मध्ये ग्रुपसाठीची सोयही काढून घेतली. आमच्या बचत गटाच्या ताईंना मुख्यतः ग्रुपवरच पोस्ट टाकायच्या होत्या. त्यांना ‘हे आमच्याने होणार नाही’ असे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावे लागले. त्या तरीही टेस्टर म्हणून थांबल्या, हा त्यांचा मोठेपणा. माध्यमाने दार बंद केले तर वापरकर्त्याला काय दिसेल, याचीही चाचणी आम्ही आता मुद्दाम परवानगी तोडून घेतो.

म्हणून माझी विनंती अशी की, यापुढे आपल्या दैनिकात एखाद्या ॲपचे वृत्त देताना वार्ताहरांनी ते कोणी तपासले आणि किती दिवस तपासले, हे दोन प्रश्न निर्मात्याला जरूर विचारावेत. आपल्या शहरात अभियांत्रिकी महाविद्यालये भरपूर आहेत आणि त्यांचे शेवटच्या वर्षाचे प्रकल्प बहुधा परीक्षकांसमोर एकदा चालवून दाखवले की संपतात. त्यांतला एखादा महिना इतवारीतल्या किंवा कळमन्यातल्या एखाद्या दुकानात स्टूल टाकून बसण्यासाठी राखून ठेवला, तर विद्यार्थ्यांना त्यातून मिळणारे ज्ञान गुणपत्रिकेत बसणार नाही इतके असेल. व्यापारी बंधुभगिनींना एवढेच सांगणे आहे की, चाचणीसाठी कोणी आले तर वेळ अवश्य द्यावा, पण पासवर्ड देऊ नये, आणि त्या वेळेचा मोबदला निःसंकोच मागावा. आम्ही आमच्या टेस्टरांना ॲप कायमचे विनामूल्य दिले आहे. हे पुरेसे नाही, याची कल्पना आहे.

महालातील काकांनी तेही घेतले नाही. पोस्ट गेल्यावर आमच्या पडद्यावर ‘पोस्ट यशस्वीरित्या प्रकाशित झाली’ असा संदेश यायचा. त्यांनी आधी ‘रि’ची ‘री’ केली, मग थोडा विचार करून सगळे वाक्यच खोडले आणि कागदाच्या कडेला ‘पोस्ट गेली’ असे लिहून दिले. सध्या तोच संदेश येतो.

कळावे,
आपली नम्र वाचक,
एक ॲपनिर्माती,
प्रतापनगर, नागपूर