चौदा तासांच्या संकल्पाविषयी

मुरूड, ता. दापोली

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

राज्यसेवा पूर्वपरीक्षेचा निकाल लागल्यावर तू फोनवर म्हणालीस, ‘मी कमी पडले, आता रोज चौदा तास अभ्यास करीन.’ त्या वेळी मी काही बोललो नाही, कारण निकालाच्या दिवशी वडिलांचा साधा प्रश्नसुद्धा उलटतपासणीसारखा ऐकू येतो. परंतु तुझे ते वाक्य मला पटलेले नाही आणि त्यामागची कारणे सविस्तर लिहावीत, असे वाटले. ‘कमी पडले’ एवढ्याने नेमके कुठे कमी पडलीस, हे कळत नाही. आणि ते कळेपर्यंत तास वाढवले, तर जुन्याच चुका अधिक वेळ होत राहतील, एवढाच काय तो फरक.

पतसंस्थेत दिवसअखेर रोकड जुळली नाही, तर रोखपाल कपाळाला हात लावून बसत नाही. रोजकीर्दीतल्या नोंदी तो एकेक करून तपासतो आणि बहुतेक वेळा फरक एखाद्या क्षुल्लक जागी सापडतो. तुझ्याजवळ प्रश्नपत्रिका आहे, आयोगाची उत्तरतालिकाही आहे. पहिल्या पेपरातले शंभर प्रश्न घेऊन बैस आणि चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे कारण लिही. विषयच वाचलेला नव्हता, वाचलेले आठवले नाही, ‘अयोग्य विधान ओळखा’ यातला ‘अयोग्य’ नजरेतून सुटला, की बरोबर उत्तर ऐन वेळी बदलले? चार चुकीच्या उत्तरांमागे एका बरोबर उत्तराचे गुण जातात, तिथे या कारणांची गल्लत परवडत नाही. न वाचलेल्या विषयाला तास लागतात, हे मान्य; पण घाईने वाचलेल्या प्रश्नावर जादा तासांचा काय उपयोग? पुढच्या सराव परीक्षेपासून आणखी एक कर: प्रत्येक उत्तरापुढे ‘खात्री’ किंवा ‘अंदाज’ अशी खूण कर आणि मग ताळा घे. खात्रीची उत्तरे किती चुकली, हा आकडा मला एकूण गुणांपेक्षा महत्त्वाचा वाटतो, कारण जिथे आपल्याला शंकाच नसते तिथली चूक आपण होऊन कधी शोधायला जात नाही.

स्वतःविषयीचा आपला अंदाज किती फसवा असतो, याचे एक चांगले उदाहरण आहे. रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकेतील दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांवरचे काही प्रयोग प्रसिद्ध केले. काहींनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी तो थोडा वाचून, मग न पाहता आठवून लिहिण्यावर भर दिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र आठवून लिहिणाऱ्यांना स्पष्टपणे अधिक आठवले. माझे लक्ष वेधले ते निराळ्याच गोष्टीने. आपल्याला हे लक्षात राहील, असा भरवसा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांनाच जास्त होता. तेच पुस्तक चौथ्यांदा वाचताना ‘हे तर येतेच’ असे तुला वाटत असेल, तेव्हा पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर लिहून पाहा. मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली असल्यामुळे हा सराव तिथेही कामी येईल.

आता सवयींविषयी. एकवीस दिवसांत सवय लागते, असे तुमच्या अभ्यासिकेतही कोणीतरी सांगत असेलच. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ स्वयंसेवकांवर केलेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात असे दिसले, आणि माणसामाणसांतला फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्याच्या क्रमात फारसा फरक पडला नाही, असेही त्यांना आढळले. तू मात्र एक दिवस बुडाला की पूर्ण वेळापत्रक फाडून सोमवारपासून नवे करतेस, ते थांबव. नवी सवय आधीपासून रोज घडणाऱ्या गोष्टीला जोड. सकाळचा चहा झाला की मोबाइल हाती घेण्यापूर्वी कालचे आठवून एक पान लिहायचे, एवढे पुरे.

चौदा तास आले कुठून, हेही पाहा. ते झोपेतूनच येणार. प्रौढ माणसाला रात्री किमान सात तास झोप लागते, आणि दिवसा वाचलेले पक्के होण्याचे काम बरेचसे त्याच वेळात चालते. रात्री दहाच्या चहातले निम्म्याच्या आसपास कॅफीन उत्तररात्रीपर्यंत शरीरात असते, तेव्हा सदाशिव पेठेतली ती शेवटची फेरी संध्याकाळीच उरकत जा. मेसचा डबा आवडत नाही म्हणून जेवण टाळतेस, हे तुझ्या आईने मला सांगितले आहे. त्यावर ती स्वतंत्रपणे बोलेल.

आपल्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे परीक्षेसाठी सह्याद्री ओलांडून साताऱ्याला चालत गेले, ही गोष्ट तू लहानपणापासून ऐकली आहेस. गावात ती नेहमी पायपिटीसाठी सांगितली जाते. मला तिच्यातला नकार अधिक विचार करण्याजोगा वाटतो: वयाने लहान दिसतात, म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले नाही. त्यात त्यांच्या तयारीचा दोष काडीइतका नव्हता. पुढे १८८१ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, ते मॅट्रिक झाले. तुझ्या निकालातही तुझ्या हाताबाहेरचा भाग आहे: जागा किती निघतात, कट-ऑफ कुठे थांबतो, परीक्षा किती वेळा पुढे ढकलली जाते. तो भाग वेगळा काढून ठेव आणि त्याचे ओझे वाहू नकोस. मात्र उरलेला भाग त्याच्या आड लपवूही नकोस. पेठेत असे करणारे पुष्कळ भेटतील.

शेवटचे थोडे अवघड आहे. किती प्रयत्न करायचे, ही मर्यादा निकालाच्या दुसऱ्या दिवशी ठरवू नये. ती तयारी नीट सुरू असताना, मन स्थिर असताना ठरवावी आणि लिहून ठेवावी. मर्यादा ठरवणे म्हणजे हार मानणे, असे मी समजत नाही. बी.एस्सी.च्या पदवीवर दुसरे काय करता येईल, याची चौकशी अभ्यासाबरोबरच करून ठेवलीस, तर परीक्षागृहात तुझ्या मनावरचा ताण कमीच होईल. ती मुदत तू स्वतः ठरव आणि गणपतीला घरी येशील तेव्हा मला सांग. तोपर्यंत खोलीभाडे आणि मेसचे पैसे नेहमीप्रमाणे पाच तारखेला पाठवीन. त्याचा विषय तू काढायचा नाहीस.

तुझा,
बाबा