काकू, ते सत्तेचाळीस आठवतंय का?

प्रिय काकू,

फोनवर आभाराचं काही काढलं की तुम्ही "बरं बरं, जेवलीस का" म्हणून विषयच बदलता, म्हणून आज लिहितेय, आणि मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण माझ्यासारख्या कितीतरी जणी लग्न होऊन जर्मनीत येतात आणि पहिले काही महिने तोंडच उघडत नाहीत.

मी नाशिकहून स्टुटगार्टला आले तेव्हा ए वन, म्हणजे जर्मन भाषेची सगळ्यात पहिली पातळी, पास होते. व्हिसासाठी ती परीक्षा दिलेली, स्वतःची ओळख, नावाचं स्पेलिंग, तीसेक शब्दांचं छोटं पत्र, सगळं घोकून घोकून. आणि इथे आल्यावर डॉक्टरकडे टर्मिन (म्हणजे भेटीची वेळ) घ्यायला फोन केला, तिकडच्या बाईंनी दुसरा नंबर दिला, त्यात झीबनउंडफियर्त्सिश, म्हणजे ४७ होतं आणि मी लिहिलं ७४. दोनदा भलत्याच घरी फोन लागला. त्या संध्याकाळी वरच्या मजल्यावर तुमच्या ओट्यापाशी उभी राहून मी रडले ते तुम्हाला आठवत असेल. तुम्ही गॅस बारीक केलात, लिडल दुकानाच्या बिलाच्या मागे मोठ्या अक्षरात "सत्तेचाळीस" लिहिलंत आणि म्हणालात, "वाच. सात आधी, चाळीस नंतर. अगं लहानपणापासून असंच मोजतेस की, मग मधे ते फोर्टी सेव्हन कशाला आणतेस?"

खरं सांगते, माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पंचवीस म्हणजे फ्युन्फउंडत्स्वानत्सिश, पाच आणि वीस. बासष्ट, चौऱ्याऐंशी, सगळे तसेच. (एकोणतीस-एकोणचाळीसवाले तेवढे वेगळे, तिथे जर्मन लोक सरळ नऊच म्हणतात.) ते बिल अजून माझ्या वहीत आहे, शाई फिकी झालीय.

मग तुम्ही रोज अर्धा तास बसवायला लागलात, आणि अट एकच, इंग्रजी मधे आणायचं नाही. क्लासमध्ये मी आय ॲम कोल्डवरून इश बिन काल्ट म्हणायचे, तुम्ही विचारलंत, मराठीत काय म्हणतेस? मला थंडी वाजते. मी नाही, मला! मग मीअर इस्ट काल्ट. मला आवडतं, दास गेफेल्ट मीअर. डाटिव्ह म्हणून जी जर्मन विभक्ती, ज्याची मला धडकी भरायची ते आपलं "ला" निघालं, सगळीकडे नाही पण बऱ्याच ठिकाणी. आणि ते वाइल, ज्याच्यानंतर क्रियापद शेवटी जातं म्हणून क्लासमधले सगळे वैतागायचे, तुम्ही नुसतं एकाखाली एक लिहिलंत: वाइल इश क्रांक बिन, कारण मी आजारी आहे. शब्दाला शब्द! मी ते वाक्य दिवसभर पुटपुटत होते, ट्राममध्येसुद्धा.

पण जिथे मराठी चालत नाही तिथेही तुम्ही स्पष्ट सांगितलंत. तो-ती-ते आपल्याकडेही आहे म्हणून मी खूश झाले होते, तर आपला सूर्य तो आणि त्यांची झॉने डी, म्हणजे ती. "इथे अंदाज करायचा नाही, शब्द पाठ करायचा तो डेर-डी-दास सकट, म्हणजे त्यांच्या तो-ती-ते सकट, नाहीतर करूच नकोस." ही शिस्त मला सगळ्यात जड गेली आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडली.

पुढे गोएथे इन्स्टिट्यूटच्या बी वनला, म्हणजे मधल्या पातळीच्या परीक्षेला, ऐकण्याच्या भागात शंभरात ५३ आले, पास व्हायला ६० लागतात. मला वाटलं सगळं पाण्यात. तुम्हीच शांतपणे म्हणालात की चारही भाग सुटे आहेत, राहिलेला तेवढा परत द्यायचा. मग रोज सकाळी डॉइचे वेले या जर्मन वृत्तसंस्थेच्या सावकाश वाचलेल्या बातम्या, आधी नुसत्या ऐकायच्या, मग आकडे लिहायचे, मग मजकुराशी ताडून बघायचे. दोन महिने तुम्ही तुमचा सकाळचा चहा माझ्याबरोबर फोनवर घेतलात, एक दिवस चुकवला नाहीत.

दुसऱ्यांदा ७३ आले. निकाल बघितल्यावर आईच्याही आधी तुम्हाला फोन केला होता.

काकू, परवा तुमच्या डोळ्यांच्या टर्मिनसाठी मी फोन केला, बाईंनी भराभरा नंबर सांगितला, मी एकदाच ऐकून लिहिला आणि परत वाचून दाखवला. बरोबर होता. गुरुवारी सव्वानऊला तयार रहा, मी न्यायला येते, तिकडे बोलायचं सगळं मी बोलेन.

तुमचीच,
खालच्या मजल्यावरची