गप्प बसलेल्या आजीची नोंद कोण ठेवणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या वृद्धाश्रमांत रक्तदाब आणि साखरेची वही असते. पण रात्रभर कोण जागं असतं, दोन भाकरींवरून अर्ध्या भाकरीवर कोण आलं, हरिपाठाला कोण येईनासं झालं, हे त्या वहीत नसतं. विचारलं की उत्तर ठरलेलं: 'वय झालं, चालायचंच.' बरे होण्यासारखे आजार त्यामुळे महिनोन्महिने तसेच राहतात.

माणूस बदललेला दिसला की आधी 'कधीपासून?' हे विचारावं. परवापर्यंत नीट बोलणारे आजोबा अचानक बरळू लागले, दिवसा गुंगीत आणि दिवेलागणीला दाराकडे धावू लागले, तर त्याला म्हातारचळ म्हणून सोडू नये. स्मृतिभ्रंश असा दोन दिवसांत येत नाही. हा डेलिरियम, म्हणजे मेंदूचा अचानक उडालेला गोंधळ, असतो आणि त्याचं मूळ बहुधा शरीरात असतं: लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, पाणी किंवा सोडियम कमी होणं, चार-चार दिवस शौचाला न होणं, तुंबलेली लघवी, उतरलेली साखर. म्हातारपणी संसर्ग झाला तरी ताप चढेलच असं नाही, फसगत होते ती इथंच. लगेच साखर, ताप, रक्तदाब आणि ऑक्सिजन तपासावं, गेल्या आठवड्यात कोणती गोळी नव्यानं सुरू झाली ते पाहावं आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं. सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामाइन किंवा झोपेसाठी दिलेलं अमिट्रिप्टिलीन एवढ्यानंही असा गोंधळ उडू शकतो. हात बांधून ठेवले तर तगमग वाढते. चष्मा आणि कानातलं यंत्र लावून द्यावं, दिवा चालू ठेवावा, ओळखीच्या माणसानं जवळ बसावं.

आश्रमांत पाण्याचं दुखणं तर नेहमीचं आहे. रात्री उठावं लागू नये म्हणून आजी दुपारनंतर पाणीच घेत नाहीत, आणि तहान तशीही कमी लागते. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं नसेल, तर दिवसाला सुमारे दीड लिटर पोटात जायला हवं. त्यातलं बहुतेक संध्याकाळी सहाच्या आत, पेज, ताक, आमटी धरून.

नैराश्याची चाल वेगळी. ते काही आठवड्यांत मुरतं, आणि रडून दाखवणारे थोडेच. 'अंगात त्राण नाही', 'पोटात काहीतरी होतंय', 'जीव रमत नाही' अशा तक्रारी येतात आणि गॅसची गोळी देऊन वेळ मारून नेली जाते. उदासी किंवा कशातच गोडी नसणं दोन आठवडे टिकलं, तर तपासणी हवीच. वृद्धांसाठी हो-नाही उत्तरांची पंधरा प्रश्नांची नैराश्य-मापनपट्टी वापरतात. पाचाच्या वर गुण गेले तर डॉक्टरांकडे न्यावं. हे प्रश्न सगळ्यांसमोर हॉलमध्ये विचारू नयेत, तिथं खरं उत्तर मिळत नाही. महिन्यात वजन पाच टक्क्यांनी, म्हणजे पन्नास किलोच्या माणसाचं अडीच किलोनं, उतरलं तर कवळी आणि दातांपासून मनापर्यंत सगळं बघावं. थायरॉइड आणि बी-१२ची तपासणीही करून घ्यावी, कारण यांच्या कमतरतेतही माणूस असाच मंदावतो.

नैराश्याचं औषध सुरू झालं तर गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. आठ दिवसांत 'काही फरक नाही' म्हणून ते बंद करू नये. उलट अल्प्राझोलामसारखी झोपेची गोळी वर्षानुवर्षं चालू राहते, तोल जातो, खुब्याचं हाड मोडतं. पण तीही एकदम तोडायची नाही, झटके येऊ शकतात. डॉक्टरांच्या सल्ल्यानं हळूहळू उतरवावी.

'देवानं आता न्यावं' असं बरेच जण म्हणतात. पण कुणी गोळ्या साठवू लागलं, वस्तू वाटून टाकू लागलं, तर 'जीव द्यावासा वाटतो का?' असं सरळ आणि मायेनं विचारावं. विचारल्यानं डोक्यात तो विचार शिरत नाही. त्या माणसाला एकटं सोडू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. औषधं, फिनेल, कीटकनाशक नेहमी कुलपात असावं.

आपल्या सीमाभागात भाषेकडे विशेष लक्ष द्यावं लागतं. स्मृतिभ्रंशात मागाहून शिकलेली भाषा बऱ्याचदा आधी निसटते. आयुष्यभर बाजारात सफाईनं कन्नड बोललेल्या येळ्ळूरच्या आजींना आता 'ऊटा आयता?' (जेवण झालं का?) कळत नाही, आणि वहीत 'प्रतिसाद नाही' एवढंच लिहिलं जातं. स्मरणशक्तीची चाचणी मराठीतच घ्यावी. शाळा न पाहिलेल्या बाईला शंभरातून सात-सात वजा करायला लावण्यापेक्षा पन्नासाच्या नोटेतून बत्तीस रुपयांची भाजी घेतली तर किती परत, हे विचारावं. कन्नडभाषक आयाबाईंना दुखणं, लघवी, भूक, भीती, झोप यांविषयीची दहा मराठी वाक्यं शिकवायला एक आठवडा पुरतो, आणि त्या आपुलकीनं शिकतात.

शेजारच्या खाटेवरचं माणूस गेलं की रातोरात गादी उचलायची आणि कुणाला काही सांगायचं नाही, ही पद्धत अतिशय वाईट आहे. सगळ्यांना सगळं कळतं, फक्त बोलायची सोय राहत नाही आणि पुढची पाळी आपली या धास्तीनं झोप उडते. सांगावं, दर्शन घेऊ द्यावं, त्या संध्याकाळी भजन ठेवावं.

पुण्यात, गोव्यात, बेंगळुरूत असलेल्या मुलांनी 'पुढच्या महिन्यात नेतो' असं खोटं आश्वासन देऊ नये. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी दहा मिनिटांचा फोन जास्त उपयोगी पडतो. भेटायला आलात तर जेवणाआधी उठू नका, ताटावर सोबत बसा. पाहुणे निघून गेले की ते ताट बहुधा तसंच परत जातं.

मदतीसाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ आणि ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हे क्रमांक निःशुल्क आहेत. फोन लागताच मराठीत बोलायचं आहे असं सांगावं. तालुका रुग्णालयांत मनोचैतन्य योजनेतून मंगळवारच्या मानसिक तपासणीची सोय आहे, गुंतागुंतीच्या रुग्णासाठी धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. पण खाटेला खिळलेल्या माणसाला मंगळवारी रिक्षात घालून नेणार कोण? जिल्हा मानसिक आरोग्य पथकानं मराठी बोलणारा समुपदेशक बरोबर घेऊन महिन्यातून एकदा प्रत्येक वृद्धाश्रमात यावं आणि नोंदणी असलेल्या आश्रमांना झोप, जेवण, बोलणं आणि मिसळणं यांची रोजची नोंद सक्तीची करावी, अशी आमची जिल्हा प्रशासनाकडे मागणी आहे.

आपल्या,
वृद्धाश्रमांत काम करणाऱ्या परिचारिका व समुपदेशक,
बेळगाव