लाइफबोटीत का बसवत नाहीत

प्रिय आई-बाबा,

बाबा, कट्ट्यावरच्या तुमच्या मित्रांनी सांगितलं ना, "क्रूझवरचं ड्रिल, म्हणजे तो संकटकाळचा सराव, नुसता देखावा, लाइफबोटीत बसवतसुद्धा नाहीत"? बसवत नाहीत तेच बरं! बोट खाली सोडणं आणि परत वर घेणं हे सगळ्यात जोखमीचं काम. फेब्रुवारी २०१३ मध्ये स्पेनच्या ला पाल्मा बेटाच्या बंदरात एका क्रूझ जहाजावर सरावानंतर लाइफबोट वर घेताना वायर तुटली, बोट उलटी होऊन पाण्यात आदळली. आत आठ खलाशी होते, पाच गेले. वायर गंजलेली निघाली. म्हणून हल्ली आम्ही आधी रिकामी बोट सोडून वर घेतो, मगच माणसं चढतात. दर आठवड्याच्या सरावात हुक आणि वायर बघताना माझी बडबड बंद असते, आईला खरं वाटणार नाही.

तुमचं काम एवढंच, मस्टर स्टेशनवर, म्हणजे संकटात जमायच्या ठरलेल्या जागी जायचं. सुरक्षेचा व्हिडिओ केबिनमध्ये दाखवला तरी हजेरी तिथेच द्यायची. कोस्टा कॉनकॉर्डिया ही क्रूझ १३ जानेवारी २०१२ च्या रात्री खडकावर आदळली, तेव्हा त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांचं ड्रिल व्हायचंच होतं; नियमाप्रमाणे चोवीस तासांची मुभा होती. ३२ जण गेले. २०१५ पासून जहाज सुटायच्या आधी किंवा सुटल्याबरोबर ड्रिल घ्यावंच लागतं. तेव्हा "आधी चहा घेऊ" चालणार नाही, बाबा.

सात आखूड भोंगे आणि एक लांब, हा धोक्याचा इशारा. तुम्ही दुपारी कानातलं मशीन काढून झोपता, म्हणून चढल्या चढल्या रिसेप्शनवर तसं सांगून ठेवा. आईच्या गुडघ्याचंही सांगा. लिफ्ट वापरायची नसते, जिन्यावर मदतीला माणूस देतात. धूर असेल तर खाली वाकून, जमिनीलगतच्या चमकणाऱ्या पट्टीच्या बाजूने चालायचं. आगीचे दरवाजे आपोआप मिटतात आणि जड असतात, चौकटीत हात ठेवू नका.

आई, निरांजन आणि उदबत्ती पुण्यातच ठेव. पाणी तापवायची कॉइलसुद्धा, ती मागच्या वेळी बॅगेच्या तळाशी होती ते मला माहीत आहे. समुद्रावर आगीचीच भीती जास्त, आणि बंब येत नाही, आम्हीच असतो. देवाला नुसता नमस्कार कर, चालेल त्याला.

बीपीच्या गोळ्या मोठ्या बॅगेत नकोत, पर्समध्ये. मुंबईला जायची गाडी ठरली की कळवा.

तुमची,
मनू