पावसाळ्यापूर्वीची पाहणी : शनिवारी सकाळी १० वाजता

सुरक्षा समितीच्या सर्व सभासदांना,

येत्या शनिवारी भोसरी प्लान्टमध्ये पावसाळ्यापूर्वीची पाहणी आहे. भंगार यार्डाच्या गेटपाशी जमायचे आहे. सेफ्टी शूज आणि हेल्मेट नसेल तर आत सोडणार नाही. यातून मॅनेजरसाहेबही सुटलेले नाहीत.

मुख्य काम घातक कचऱ्याच्या शेडचे. वापरलेले ऑइल, ईटीपीचा (सांडपाणी प्रक्रिया यंत्रणेचा) गाळ, तेलकट कॉटन वेस्ट हे घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार ९० दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही. म्हणून प्रत्येक ड्रमवर लेबल आणि भरल्याची तारीख हवीच. रांजणगावच्या प्रक्रिया केंद्राकडे गाडी गेली की मॅनिफेस्टची (गाडीसोबतच्या कचऱ्याच्या नोंदपत्राची) प्रत त्याच दिवशी स्टोअरला द्या. फॉर्म ४ चे वार्षिक विवरण ३० जूनपर्यंत प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जायला हवे, आणि प्रतींची शोधाशोध दरवर्षी नेमकी शेवटच्या आठवड्यात सुरू होते.

येताना आणायचे :

- मेंटेनन्स : पावसाळी गटारांचा नकाशा. गळलेले तेल त्यात उतरले की थेट नाल्यात आणि पुढे नदीत जाते.
- पेंट शॉप : थिनरच्या साठ्याची यादी.
- प्रेस शॉप : दोन हातांच्या बटणांच्या (दोन्ही एकदम दाबली तरच प्रेस चालते) चाचणीची नोंदवही.

प्रत्येक विभागाने कंत्राटी कामगारांपैकी एकाला सोबत आणावे. ड्रम तेच हलवतात; शेड कुठे गळते हेही त्यांनाच आधी कळते.

ज्यांना जमणार नाही त्यांनी गुरुवारपर्यंत बदली सभासदाचे नाव कळवावे.

सचिव, सुरक्षा समिती