शिक्षक मोजायचा तर वर्गात बसा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शिक्षकांची कार्यक्षमता मोजा आणि त्यावर पगारवाढ ठरवा, अशी मागणी हल्ली वरचेवर कानावर येते. मोजायलाच हवी. मी नाशिक जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाणा या आदिवासी भागात केंद्रप्रमुख, म्हणजे शाळांच्या एका गटाचा (केंद्राचा) प्रमुख होतो. शाळाभेटी करायच्या आणि शेरेबुकात शेरा मारून निघायचं, हेच माझं काम. त्यामुळे हे मोजमाप कुठे चुकतं ते आतून पाहिलंय. चुकणाऱ्यांत मीही होतो.

नाशिक शहरात पालक निकाल बघतात. दहावीचा निकाल शंभर टक्के लागला की शिक्षक उत्तम. पण त्यातली कितीतरी पोरं आठवीपासूनच कॉलेज रोडच्या क्लासला जातात. मग ती टक्केवारी नक्की कोणाच्या खात्यावर मांडायची? सुरगाण्याच्या पाड्यावर उलटी गत. पहिलीतलं मूल घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलतं आणि पुस्तक प्रमाण मराठीत. दिवाळी झाली की आईबाप द्राक्षबागांच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे उतरतात, पोरंही सोबत जातात. शिमग्याला परत येतात तेव्हा जोडाक्षरं पुसून गेलेली असतात. सावळघाट चढणाऱ्या एसटीला गंगापूर रोडवरच्या गाडीचा वेग कसा विचारणार? मूल जूनमध्ये कुठे होतं, एप्रिलमध्ये कुठवर आलं आणि मधले किती दिवस शाळेत होतं, एवढं पाहिलं तरी पुष्कळ.

दुसरं वेळेचं. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन व्हायला हवं. म्हणजे दिवसाला चार तास. 'तातडीची माहिती आजच भरा' या निरोपांपायी रोज अर्धा तास गेला, तर वर्षाचे १०० तास जातात. हे तब्बल २५ दिवस झाले! याच कायद्याचं कलम २७ जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामं देऊ नका म्हणतं. पण पोषण आहाराच्या नोंदी, पोर्टलवरची माहिती, कार्यक्रमांचे फोटो यांना कोणी 'काम' म्हणतच नाही, ती आपली होऊनच जातात. शिक्षकाला गुण देण्याआधी त्याचे किती तास आपण काढून घेतले, तोही आकडा शेजारी लिहा. (शिक्षकांनीही या कामांच्या आड लपू नये. वर्गात असूनही न शिकवणारे मी पाहिलेत आणि त्यांची कागदपत्रं बहुधा सर्वांत नीटनेटकी असत.)

त्र्यंबकेश्वर तालुक्यातली हिवाळीची शाळा वर्षाचे ३६५ दिवस भरते. तिथल्या गुरुजींना माझा नमस्कार. पण 'त्यांना जमतं, तुम्हाला का नाही?' म्हणत बाकीच्यांना झोडपणं बरं नव्हे.

मग मोजायचं कसं? एक प्रसंग सांगतो. एका द्विशिक्षकी शाळेत मागच्या भिंतीला टेकून बसकरपट्टीवर बसलो. तिसरी-चौथी एकत्र, २३ मुलं. हजेरीवरून नावं उतरवून घेतली आणि जो बोलेल किंवा वाचेल त्याच्या नावापुढे रेघ मारत गेलो. चाळीस मिनिटांनी पाहिलं तर १४ नावांपुढे एकही रेघ नाही आणि पुढच्या एका मुलीच्या नावापुढे ११. बाईंचं शिकवणं मात्र गोड होतं, तपासणीच्या तक्त्यात पैकीच्या पैकी गुण पडले असते. मी काही न बोलता कागद त्यांच्या हातात दिला. बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "सर, हा खिडकीजवळचा बाहेर तर थांबत नाही हो बोलायचा!" पुढच्या भेटीला गेलो तेव्हा मुलं चार-चारांच्या गटात बसली होती आणि तो खिडकीजवळचा तिसरीतल्या दोघांकडून धडा वाचून घेत होता.

त्या सुधारणेला ना प्रशिक्षण लागलं ना नोटीस, फक्त कोणीतरी तासभर वर्गात बसायला हवं होतं. केंद्रातल्या शिक्षकांच्या आमच्या दरमहा शिक्षण परिषदा परिपत्रकं वाचून संपत. त्याऐवजी एका शिक्षकाने खऱ्या मुलांपुढे एक पाठ घ्यावा, बाकीच्यांनी असाच कागद घेऊन बसावं आणि नंतर चहावर मोकळेपणी बोलावं. केंद्रप्रमुखांच्या रिक्त जागाही भरा. एकाच माणसाकडे दोन-दोन केंद्रं असतील तर तो तासभर कुठे बसणार?

त्या दिवशीचं शेरेबुक मात्र आजही आठवतं. रेघांच्या कागदाबद्दल त्यात एक शब्द नाही. मीच लिहिलंय: 'परिसर स्वच्छ. पोषण आहार नोंदी अद्ययावत. अध्यापन समाधानकारक.'

आपला,
एक निवृत्त केंद्रप्रमुख
इंदिरानगर, नाशिक