आधी काचपट्टी, मग इंजेक्शन

मा. संपादक,
स. न.

आमच्या इंदिरानगरातल्या कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सध्या एका तपकिरी कुत्रीवरून जुंपली आहे. तिच्या पाठीवरचे केस गेलेत, दिवसभर खाजवत असते. ‘लूत भरलेलं कुत्रं आहे, पोरांना लागण होईल, महापालिकेला सांगून उचलायला लावा,’ असं एक बाजू म्हणते. दुसरी बाजू दयाळू. तिने गॅरेजमधून जळकं ऑइल आणून कुत्रीला चोपडायचं ठरवलंय! मी सरकारी रुग्णालयाच्या लॅबमध्ये मायक्रोस्कोपला डोळा लावून निवृत्त झालेली बाई. मला दोघांनाही विचारायचंय, की तिच्या कातडीत नक्की काय आहे ते कुणी पाहिलं का?

‘लूत’ म्हणून आपण सगळं एकाच टोपलीत टाकतो. त्यातली खरूज सार्कोप्टिस नावाच्या किड्याने होते. तो कातडीत बोगदे करून राहतो. कानाच्या कडा, कोपरं, घोटे इथून खाज सुरू होते आणि कानाची कड बोटांत धरून चोळली की बरीच कुत्री मागचा पाय आपोआप हलवायला लागतात. हा किडा माणसाला चावतो, हातावर-पोटावर पुरळ येतं. पण माणसाच्या कातडीत त्याचा संसार टिकत नाही, कुत्रं बरं झालं की आपलं पुरळही जातं. डेमोडेक्स या दुसऱ्या किड्याचं वेगळंच. तो केसांच्या मुळाशी असतो, पिल्लाला जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत आईकडून मिळतो आणि प्रतिकारशक्ती ढासळली की माजतो. तो माणसाला लागत नाही. नायटा मात्र खरोखर लागतो, मुलांना तर चटकन. तेव्हा पोरांची काळजी असलेल्यांनीच आधी तपासणीचा आग्रह धरायला हवा.

तपासणी साधी आहे. काचपट्टीवर लिक्विड पॅराफिनचा थेंब, बोथट केलेलं ब्लेड, आणि कातडी किंचित लाल होईपर्यंत खरवडणं. डेमोडेक्स शोधायचा तर आधी कातडी चिमटीत दाबायची, म्हणजे तो मुळातून वर येतो. किडा जेमतेम पाव मिलिमीटरचा, पण भिंगाखाली सिगारसारखा लांबट दिसतो आणि पॅराफिनमध्ये जिवंत राहत असल्याने पाय हलवतानाही सापडतो. सार्कोप्टिस लबाड आहे, बऱ्याचदा काचेवर येतच नाही. म्हणून अंगावरची लक्षणं पटत असतील तर स्लाइड कोरी असूनही जाणते डॉक्टर त्याचे उपचार सुरू करतात. बुरशीसाठी चिकटपट्टी कातडीवर दाबून रंगवायची. कानात आणि पंज्यांत आंबूस वास मारणारी मॅलासेझिया ही बुरशी शेंगदाण्याच्या आकाराची दिसते. हे सगळं काही मिनिटांचं काम आहे.

आणि एवढं न करता काय होतं? स्टेरॉइडचं इंजेक्शन. दुसऱ्याच दिवशी खाज थांबते, मालक खूश. अॅलर्जी असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडे दिवस स्टेरॉइड द्यायला हरकत नाही, मी त्याच्या विरोधात नाही. पण आत डेमोडेक्स किंवा बुरशी असेल तर स्टेरॉइड प्रतिकारशक्ती आणखी खाली आणतं आणि महिनाभरात कुत्रं आधीपेक्षा वाईट दिसतं. मेडिकलमधून आणलेली माणसांची, स्टेरॉइड मिसळलेली ‘थ्री-इन-वन’ मलमं हाच घोळ घालतात. वर कुत्रं ती चाटून पोटात घेतं ते वेगळंच.

माझ्या घरची चिंगी मखमलाबादच्या द्राक्षबागांकडून आलेली. दर पावसाळ्यात पंजे चावायची, काखा लाल व्हायच्या. खरवडून पाहिलं, किडा नव्हता. चिकटपट्टीवर मॅलासेझिया भरपूर. मूळ कारण हवेतली अॅलर्जी, त्यावर ओलाव्याने बुरशी चढलेली. आता क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाचा शाम्पू लावून १० मिनिटं तसाच ठेवते (ही १० मिनिटं तिला मान्य नसतात, अंघोळ माझीही होते) आणि गोदापार्कवरून आल्यावर बोटांमधली जागा कोरडी पुसते. माणसांचा शाम्पू वापरत नाही, कारण कुत्र्याची कातडी आपल्यापेक्षा कमी आम्लधर्मी असते. अन्नाची अॅलर्जी वाटत असेल तर निदान आठ आठवडे डॉक्टरांनी ठरवलेलं एकच अन्न द्यावं लागतं. त्यात शेजाऱ्यांचं एक बिस्किटही चालत नाही.

खाज कमरेवर आणि शेपटीच्या मुळाशी असेल तर आधी पिसवा शोधा. पिसवांच्या लाळेची अॅलर्जी असलेल्या कुत्र्याला थोड्याशा चाव्यांनीही बेजार व्हायला होतं. अंगावर दिसतात त्याहून कितीतरी जास्त अंडी, अळ्या आणि कोश अंथरुणात नि फटींत असतात, तेव्हा कुत्र्याच्या अंथरुणाचं गोणपाट गरम पाण्यात धुतल्याशिवाय नुसत्या औषधाने काही होणार नाही.

जळक्या ऑइलबद्दल हात जोडून सांगते, ते विष आहे. कुत्रं ते चाटतं, कातडीतूनही ते आत शिरतं, कातडी भाजते. गुरांचं आयव्हरमेक्टिन हे किडे मारायचं औषध अंदाजाने टोचणंही तितकंच घातक. ‘कोली’ (collie) सारख्या कुत्र्यांच्या काही जातींत ते मेंदूपर्यंत पोहोचून कुत्रं दगावू शकतं, आणि रस्त्यावरच्या संकरात कोणाचं रक्त आहे कोण सांगणार? आता बाजारात फ्लुरालानरसारख्या गोळ्या आहेत. एका गोळीने सुमारे १२ आठवडे पिसवा-गोचिडांपासून संरक्षण मिळतं आणि खरजेच्या किड्यांवरही ती चालते. डॉक्टरांना विचारूनच द्यावी, फिट येणाऱ्या कुत्र्याबाबत तर नक्कीच.

महापालिकेला एक सुचवायचं आहे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे मोकाट कुत्र्यांची नसबंदी आणि रेबीजचं लसीकरण होतं. त्यासाठी कुत्रं पकडलेलं असतं, भूल दिलेली असते. त्याच वेळी कातडी खरवडून पाहावी आणि गरजेप्रमाणे गोळी द्यावी. २०२७ च्या सिंहस्थासाठी पंचवटीतली कुत्री ‘दिसू नयेत’ म्हणून धावपळ करण्यापेक्षा हे बरं. मायक्रोस्कोपवर बसायला माणूस नाही अशी अडचण असेल तर माझे शनिवार मोकळे आहेत, मानधन नको. पशुवैद्यकांनी फक्त शेजारी उभं राहून निदानावर सही करावी.

– एक निवृत्त लॅब टेक्निशियन, इंदिरानगर, नाशिक